बांधावरचं देवभात

नागपंचमीचा दुसरा दिवस

लावणीचा शेवटचा दिवस होता. आम्ही तिघी चिखलात वाकलेल्या, आणि तू मागच्या दाराने घरात शिरून ट्रंकेतला तुझा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलास. किल्ली कुठे असते ते तुला ठाऊक, म्हणून कुलूप तोडलं नाहीस, एवढे उपकार. शेजारची रंगूबाई ओट्यावर बसली होती. तिला दिसत नाही असं तुला वाटलं असेल. मोतीबिंदू एका डोळ्याला आहे, दुसऱ्याने तिने तुला येताना पाहिलं आणि जाताना पाहिलं. म्हणाली, "मनोज आला व्हता गो. पानी बी न पिता गेला." मी म्हटलं, चोर पाणी पीत नाहीत.

मनोज, आईचा आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला.

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर दिसला की कट करतोस. म्हणून कागद. चौथीपर्यंत गुरुजींनी जेवढं डोक्यात घातलं तेवढ्यावर लिहिते, काना-मात्रा चुकला तर हसू नकोस. तुला हसायचा हक्क असलेल्या गोष्टी आता थोड्या राहिल्यात.

तुझी पोरगी मृणाली बारावी झाली. नर्सिंगच्या कॉलेजात तिचं नाव लागलंय, ठाण्याला. जातीचा दाखला लागतो. त्याला बापाचा शाळेचा दाखला लागतो. आईचा चालत नाही, आजीचा तर नाहीच, आजीकडे दाखला असता तर मी कशाला तुझ्या पाया पडत बसले असते. तुझी बायको रीमा तुझ्या शाळेत जाऊन आली. हेडमास्तर म्हणाले, दुसरी प्रत देतो, पण ज्याचा दाखला त्याने स्वतः येऊन अर्ज करायचा. म्हणजे फिरून तूच. पोरीला दाखला लागणार हे तुला कळलं म्हणूनच तू ट्रंक उघडलीस. कुणी कळवलं ते मी विचारत नाही. गावात बातमी पोचवायला पैसे पडत नाहीत.

शेताचं विचारणार नाहीस, तरी सांगते. यंदा राब भाजला नाही. शेजारच्या जमिनीवर नवं गोडाऊन झालंय, पत्र्याच्या भिंतीला आपला बांध लागतो. चैत्रात रीमाने पालापाचोळा, शेण, गवत सगळं रचून ठेवलं होतं, काडी लावायची तेवढी बाकी. त्यांचा माणूस धावत आला. "माँजी, आग मत लगाना, अंदर माल है." मी म्हटलं, तुझ्या मालाच्या आधीपासून इथे आग लागते. पण रीमा म्हणाली, "जाऊ द्या आई, पोलीस आणतील." झालं. बी न भाजलेल्या जमिनीवर टाकलं. आता मागच्या सालचं झडलेलं सगळं देवभात, कुणी न पेरलेलं, आवणाच्या रोपांबरोबर उगवलं आणि लावणीवाल्या बायकांनी ते जुडीत बांधून अख्ख्या खाचरात लावलं. बाहेरगावच्या मजूर बायका, त्यांना काय कळणार. लहानपणी ते भातासारखंच दिसतं. बुंध्याशी जरा लाली असते, तेवढीच.

तू ओळखायचास. तुला मी शिकवलं होतं.

दाखला आपल्या गावातल्या सागरच्या हाती दे. त्याचा टेम्पो रोज दापोड्याला येतो, तुझ्या गोडाऊनच्या गेटावरूनच जातो. मृणालीला तुझी भेट नको आहे, कागद हवा आहे.

मैना

ऋषिपंचमी, भांडी घासून झाल्यावर

तुझा निरोप पोचला. सागर देत नव्हता. ओट्याच्या कडेला उभा राहून टोपी फिरवत होता. "काकी, मी न्हाय सांगनार."

मी म्हटलं, "सांग. तोंड तुझं, शब्द त्याचा. तुला कोण मारतंय."

"म्हनाला, देवभाताला कुनी कागद देतं का."

रीमा आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला, मग परत चालू झाला. बस. बाकी काही नाही. तुला वाटत असेल रडली असेल. तिचं रडणं तू गेलास त्या वर्षीच संपलं.

तो शब्द तू पहिल्यांदा कुठे उच्चारलास ते तुझ्या लक्षात आहे का? माझ्या आहे. बेणणी चालली होती, भातातलं तण काढायची. तुझा बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं, नाहीतर तुझी छाती झाली नसती. गोडाऊनमध्ये कुणीतरी तुझी थट्टा केली होती, पोरीचे डोळे घारे कसे रे, तुमच्या घरात तर सगळ्यांचे काळे. ती थट्टा तू घरापर्यंत आणलीस. बांधावर उभा राहिलास. पाचवीतली पोर गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती, आणि तू दहा बायकांसमोर बोट दाखवून म्हणालास, "हे देवभात हाय. आपल्या शेतात उगवलं, पन आपन पेरलेलं न्हाय." रीमा लग्नानंतर भिवंडीत लूमवर सुताच्या कांड्या भरायला जायची, ते तेव्हा आठवलं तुला. तिच्या कांड्यांवर तू बसून खात होतास, ते नाही आठवलं.

पोरीने भारा टाकला नाही. न्यायचा तिथे नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं तिला त्याच नावाने हाका मारत होती. अजून मारतात. मोठे झालेत, लग्नं झालीत, तरी.

आज पंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही आज. वर्षभर जे उपटून बांधावर फेकायचं, तेच आज ताटात. तुला सांगायला नको, लहानपणी तूच सगळ्यात जास्त खायचास, वर दूध घालून. दुपारी भावकीतली चंद्रा वाटी घेऊन आली. दर साली येते, तिच्या खाचरात उगवत नाही. ओट्यावर बसली आणि मृणालीकडे बघून मला म्हणते, "मैनावयनी, तुमच्या घरात काय कमी हाय देवभाताची."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी डबा घेऊन बाहेर आली. "किती देऊ, काकू? माज्याच नावाचं हाय, सांडू नका." वाटी शीग लावून भरली आणि तिच्या हातात ठेवली. चंद्रा उठली ती चपला उलट्या घालून गेली.

ही पोर तुझी नाही म्हणतोस. जीभ तर माझी आहे. ती कुठून आली?

पण हसण्यावारी नेऊ नकोस. गौरी-गणपती झाले की कॉलेजवाले थांबणार नाहीत. दसऱ्याच्या आधी कागद द्यायचेत, नाहीतर नाव काढून दुसऱ्याला देतात. रीमाने त्यांना फोन करून विचारलं. फोनवरची बाई चांगली होती, म्हणाली, तोपर्यंत धरून ठेवते.

खाचराची दशा सांगते. बेणायला आम्ही दोघीतिघी, आणि देवभात तर जिथे बघावं तिथे. आता भाताच्या वर हातभर डोकं काढून उभं आहे. लोंबीला लांब कुसळं, लालसर. वारा आला की बाकीचं भात वाकतं, हे हलतं आणि परत उभं. लांबून रस्त्यावरूनसुद्धा कळतं कुणाच्या शेतात घाण आहे. येणारा-जाणारा बघतो. बघू दे.

दाखला पाठव. निरोप नको. निरोप फुकट असतो.

मैना

पितृपाट, तुझ्या बापाच्या तिथीचा दिवस

आज पान वाढलं. घराच्या कर्त्या पुरुषाने वाढायचं असतं. रामनाथला बोलावलं, तुझ्या चुलत्याच्या मुलाला. कावळा पटकन शिवला. तुझा बाप कशालाच वेळ लावत नसे.

मृणाली परवा तुझ्याकडे आली होती. मी पाठवली नव्हती. रीमानेही नाही. सागरच्या टेम्पोत बसून गेली, आम्हाला सांगितलं तालुक्याला जाते. तू काय केलंस ते तिने नाही सांगितलं, सागरने सांगितलं. तो गेटापाशी गाडी लावून उभा होता.

वॉचमनने आत फोन लावला. तू शटरपर्यंत आलास. माल चढवणारी माणसं तिथेच होती. त्यांनी विचारलं, "कौन है, साब?" आणि तू म्हणालास, "मेरा कोई नहीं. काम मांगने आयी होगी."

वॉचमन परक्या मुलखातला, बिहारकडचा. त्याला लाज वाटली. तिच्याजवळ येऊन हळू म्हणाला, "बेटी, आज जाओ. साहब का मूड ठीक नहीं." तिला प्यायला पाणी दिलं. तुझ्या दारात तिला जे मिळालं ते तेवढंच.

घरी आली, कपडे बदलले, विळा घेतला आणि खाचरात उतरली. सगळं देवभात कापत सुटली. पुढच्या पंचमीसाठी जेवढं ठेवायचं तेवढंही नाही. रीमा म्हणाली, थांबवा तिला. मी म्हटलं, कापू दे, शेताचं भलंच होतंय. पण ती कापत कापत तळ्याकडच्या कोपऱ्यात पोचली. तिथे बांधाला एक मोठा ठोंब आहे. तुझ्या बापाने तो कधी उपटू दिला नाही. मी धावले. या वयात धावले. ठोंबाच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"आजी, बाजूला हो."

"ह्याला हात लावायचा न्हाय."

"का? ह्यो काय वेगला हाय?"

"पंचमीला लागतो."

"आपल्या घरात आता देवभात शिजनार न्हाय," म्हणाली. विळा माझ्या पायाशी टाकला आणि घरी गेली.

संध्याकाळी सांगते, वडप्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला मुली घेतात, सोमवारपासून जाते. कॉलेजचं नाव काढायला सांगितलं तिने रीमाला. दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्ट्या लावायच्या. तुझ्यासारखा कुणीतरी वर उभा राहून शिट्टी मारणार. बारावीत तालुक्यात विज्ञानाला तिच्यापुढे दोनच पोरं होती.

मी रात्रभर विचार केला नाही. विचार करून झालाय माझा, फार वर्षांपूर्वी. बोलायचं तेवढं राहिलंय.

मैना

घटस्थापना

रीमा आणि पोरगी दळण आणायला गेल्यात. तेवढ्यात लिहून संपवायचंय. हे पत्र भाताच्या खळीने चिकटवून देणार आहे. सागरला सांगितलंय, "फोडलंस तर तुझ्या आईला तुझं सगळं सांगेन." सगळं म्हणजे काय ते त्याला ठाऊक, मला नाही. तो फोडणार नाही.

एकटा असशील तेव्हा वाच. उभा असशील तर बस.

मला पहिल्या वेळेला दिवस गेले तेव्हा रीतीप्रमाणे माहेरी गेले, गणेशपुरीच्या पलीकडे. लावणीचे दिवस. माझं बाळ झालं ते मेलेलंच. मुलगी होती. बापाने परड्यात पुरली, मला दाखवलीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी शेतात आरडाओरडा झाला. डोंगराकडची लावणीवाली टोळी होती आमच्याकडे. त्यातली एक बाई, दिवस भरलेली, तरी आली होती लावणीला. बांधावरच बाळंत झाली. रक्त थांबेना. तिला उचलून आमच्या पडवीत आणली, माझ्या शेजारी. नवरा बरोबर नव्हता. टोळीतल्या बायकांना तिचं नाव ठाऊक होतं, गाव नव्हतं. गाडी बघायला माणूस गेला, तो येईपर्यंत ती गेली.

तिने डोळे मिटायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. घारे डोळे होते. मांजरासारखे. असे डोळे मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यानंतर पाहिले ते मृणालीच्या जन्माच्या दिवशी.

आता वाचून झालं असेल तर परत वाच.

बाळ रडत होतं. माझ्या अंगावर दूध वाहत होतं, पदर भिजलेला. आईने उचलून माझ्यापाशी ठेवलं. कुणी विचारलं नाही, ठरवलं नाही. ते बाळ ओढायला लागलं, झालं. तो तू.

बाराव्या दिवशी तुझा बाप आला न्यायला. माझ्या वडिलांनी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. मी आतून ऐकत होते. वाटलं, आता हा तसाच परत जाणार. तो आत आला, तुला बघितलं, बोटाने तुझी मूठ उघडून बघितली. आणि म्हणाला, "चल. आवण पिवलं पडलंय, घरी कामं पडलीत." एवढंच. पुढे उभ्या जन्मात त्याने त्यावर दुसरा शब्द काढला नाही. गावाला वाटलं, मैना माहेरी बाळंत झाली, पोरगा घेऊन आली. सगळ्याच बायका तशा येतात.

त्याच साली आपल्या बांधाच्या कोपऱ्यात तो ठोंब उगवला. मी उपटायला वाकले. तुझा बाप म्हणाला, "ऱ्हाऊ दे तो. पंचमीला लागतो." आणि लोंब्या भरल्या तेव्हा स्वतः जाऊन त्यांना गाठी मारल्या. देवभाताचा दाणा पिकायच्या आधीच झडतो, म्हणून गाठ मारावी लागते. नाहीतर हाती काही लागत नाही, सगळं चिखलात. दर साली मारायचा. दुसऱ्या कुणाला मारू द्यायचा नाही. मी समजले काय ते. तुला त्याने कधी विचारलं का, तू कुणासारखा दिसतोस? तुझ्या शाळेत नाव घालायला गेला तेव्हा मास्तरांनी विचारलं, बापाचं नाव. म्हणाला, लडकू. ते म्हणाले, जात. म्हणाला, माझीच. संपलं.

आणि तू त्याच्या बांधावर उभा राहून तो शब्द पोरीवर फेकलास. तो शब्द आपल्या घरात तुझा होता. तुला सोडून दोघांना ठाऊक होतं.

विचारशील, आजवर का गप्प बसलीस. तुझा बाप उभा जन्म गप्प राहिला, त्याचा मान म्हणून. आणि तुला आई राहावी म्हणून. आता तू फोन उचलत नाहीस, पोरीला ओळखत नाहीस, बापाला पान वाढायला येत नाहीस. मग मी कुणासाठी गप्प बसायचं. रीमाने एवढी वर्षं ते नाव सोसलं, तिला तरी मी काय तोंड दाखवणार आहे, ते माझं मी बघेन. त्यात तू पडू नकोस.

भिऊ नकोस. मी हे चावडीवर वाचायला जात नाही. रंगूबाईलाही नाही, तिचा एक डोळा पुरे आहे. तुझ्या दाखल्यावर तुझ्या बापाचं नाव आहे आणि ते खरं आहे. ज्याने दिलं त्याने शुद्धीत दिलं. ते खोटं ठरवणारा जगात एकच माणूस आहे, तो म्हणजे तू, आणि तू ते पोरीला नाकारून रोज ठरवतोयस.

काल संध्याकाळी मी कोपऱ्यात जाऊन लोंब्यांना गाठी मारल्या. बोटं आता वळत नाहीत, सैल बसल्यात. अर्धा दाणा झडेल. मृणाली बांधावरून बघत होती. खाली आली नाही, पण गेलीही नाही.

रीमाने कॉलेजातलं नाव अजून काढलेलं नाही, पण सोमवारी पोरगी वडप्याला जायला निघेल. पहिली शेअर रिक्षा फाट्यावरून सुटते ती तुला ठाऊक आहे, तूही तीच धरायचास.

याचं उत्तर मला नको. मला तुझं काही ऐकायचं राहिलेलं नाही. रीमालाही लिहू नकोस, तिला तू काय लिहिणार. सागरच्या तोंडी काही पाठवलंस तर मी त्याला ओट्यावर चढू देणार नाही. उत्तर मृणालीला द्यायचं, सोमवारच्या आत, तुझ्या हाताने लिहून, दाखल्यासकट. वर तिचं नाव घाल, पूर्ण. मृणाली, मग मनोज, मग लडकू. सुरुवात तिथून कर, पुढचं सुचेल.

मैना